बँकांचे एका रात्रीचे हातउसने: कॉल मनीचा दर पायरीपायरीने

ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा स्वतःचा पैसा सांभाळणाऱ्या विभागात, नव्याने बदलून आलेला अधिकारी पहिल्याच सकाळी विचारतो, "आज कॉल कितीला चाललाय?" प्रश्न योग्य आहे, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा: आज रात्री रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या खात्यावर किती शिल्लक राहणार? एका रात्रीच्या व्याजदराचा सगळा व्यवहार या शिलकेभोवती फिरतो. हे ज्याच्या लक्षात आले त्याला पुढचे कळायला फार दिवस लागत नाहीत. ज्याच्या लक्षात येत नाही तो रेपो, एमएसएफ, एसडीएफ, मायबोर ही नावे पाठ करत बसतो आणि दर हलला की गोंधळतो.

मी या टेबलावर बरीच वर्षे काढली आणि माझ्या हाताखाली बरीच मुले-मुली शिकून गेली. त्यांना ज्या क्रमाने शिकवले त्याच क्रमाने इथे लिहितो आहे. बँकेत हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांना ते उपयोगी पडेलच, पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला किंवा ओव्हरनाइट फंडात (एका रात्रीपुरता पैसा लावणाऱ्या म्युच्युअल फंडात) पैसे ठेवणाऱ्यालाही पडावे.

पायरी १: आधी ते एक खाते ओळखा

आपले जसे बँकेत खाते असते तसे बँकेचे रिझर्व्ह बँकेत चालू खाते असते. आरटीजीएस, एनईएफटी, चेकचे क्लिअरिंग, यूपीआयचा हिशेब, सरकारी रोख्यांची खरेदी-विक्री, सगळ्याचा शेवट त्या खात्यात होतो. कोल्हापूरच्या एखाद्या साखर कारखान्याने उसाची बिले काढली, की कारखान्याच्या बँकेचे ते खाते खाली येते आणि शेतकऱ्यांची खाती ज्या बँकांत आहेत त्यांचे वर जाते. या एका व्यवहाराने देशातला एकूण पैसा बदलत नाही. फक्त एका बँकेकडे संध्याकाळी तूट राहते, दुसरीकडे जास्तीचा पैसा.

आता नियम. बँकेने आपल्या ठेवींचा आणि इतर देण्यांचा ठरावीक हिस्सा या खात्यात रोख ठेवायचा असतो. हाच सीआरआर, म्हणजे रोख राखीव प्रमाण. २०२५ मध्ये सप्टेंबरपासून चार टप्प्यांत तो ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला गेला. ज्या देण्यांवर तो मोजतात त्या एकूण आकड्याला ट्रेझरीत सगळे एनडीटीएलच म्हणतात, म्हणून तुम्हीही म्हणा. हा आकडा आधीच्या पंधरवड्यांमधला घेतात, त्यामुळे किती ठेवायचे ते पंधरवडा सुरू होतानाच ठाऊक असते.

गंमत पुढे आहे. सीआरआर रोजच्या रोज पूर्ण भरावा लागत नाही. पंधरवड्याची सरासरी १०० टक्के भरली पाहिजे, आणि कुठल्याही एका दिवशी शिल्लक आवश्यक रकमेच्या ९० टक्क्यांखाली जाता कामा नये. गेली तर बँक रेटवर (रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेला एक दर) ३ टक्के जादा दराने दंडव्याज, आणि दुसऱ्या दिवशीही तूट कायम राहिली तर ५ टक्के जादा. उलट बाजूला, या खात्यातल्या पैशावर रिझर्व्ह बँक एक पैसाही व्याज देत नाही. म्हणजे कमी पडले तर दंड, जास्त राहिले तर पैसा फुकट पडून. या दोन्हींतून सुटण्यासाठी बँका एकमेकींना एका रात्रीपुरता पैसा देतात-घेतात, आणि त्याचा जो भाव निघतो तोच आपला दर.

पायरी २: दर पाहण्याआधी आपली गरज कागदावर मांडा

संगणकावर तयार तक्ता असतो, तरी पहिला महिना हे हाताने करा. एक कल्पित बँक घेऊ. एनडीटीएल २०,००० कोटी. तीन टक्क्यांनी सीआरआर झाला ६०० कोटी. दिवसाची किमान शिल्लक त्याच्या ९० टक्के, ५४० कोटी. पंधरवडा पंधरा दिवसांचा धरला, तर एकूण "प्रॉडक्ट", म्हणजे रोजच्या शिलकांची हवी असलेली बेरीज, ६०० गुणिले १५, म्हणजे ९,००० कोटी.

दहा दिवस उलटले आहेत आणि रोजच्या शिलकांची बेरीज ६,१०० कोटी झाली आहे. उरले २,९०० कोटी आणि दिवस पाच. म्हणजे रोज सरासरी ५८० कोटी ठेवले की काम झाले. आधीचे दहा दिवस थोडे जास्त ठेवल्यामुळे आता ६०० ची गरज नाही.

आज सकाळची शिल्लक ५८५ कोटी. येणारे ६० कोटी, जाणारे १३० कोटी. काहीच केले नाही तर रात्री ५१५ उरणार, म्हणजे किमान रेषेच्या २५ कोटी खाली.

आता दोन रस्ते आहेत. आज ६५ कोटी उचला, शिल्लक ५८० करा आणि पुढचे चार दिवस त्याच चालीने जा. नाहीतर आज फक्त २५ कोटी उचला, ५४० वर राहा, आणि उरलेले २,३६० कोटी चार दिवसांत विभागा, म्हणजे रोज ५९०. उद्या-परवा दर उतरतील असे वाटत असेल तर दुसरा रस्ता. चढतील असे वाटत असेल तर पहिला, किंवा ६५ पेक्षाही जास्त. ट्रेझरीचे कौशल्य यात आहे. दराचा अंदाज नंतर येतो. तो कुठल्या रकमेवर लावायचा ते या हिशेबातून कळते.

सगळ्यात कच्चा दुवा असतो तो "जाणारे १३० कोटी" हा आकडा. तो शाखांकडून येतो. सुरुवातीच्या काळात मी एका बँकेत असताना एका शाखेने मोठ्या ग्राहकाचा ४० कोटींचा आरटीजीएस संध्याकाळी सहाला पाठवला आणि आम्हाला कळवलेच नाही. तेव्हा कॉल मार्केट पाच वाजता बंद व्हायचे. खाते किमान रेषेखाली गेल्याचे दिसले तेव्हा पैसा देणारे कोणी उरले नव्हते, म्हणून एमएसएफच्या, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या अडीनडीच्या महाग कर्जाच्या, खिडकीत जावे लागले. त्या दिवसापासून मी एक शिस्त लावून घेतली: पाच कोटींवरचे प्रत्येक जाणे शाखेने सकाळी अकराच्या आत कळवायचे, आणि दुपारी तीनला पुन्हा फोन करून खातरजमा करायची. आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते, तेव्हापासून ही शिस्त अधिकच जरुरीची झाली आहे.

पायरी ३: पैसा कुठे मागायचा

तीन ठिकाणे आहेत. तिन्हींतला फरक आपल्या भाषेत नीट सांगता येतो: एक हातउसने, बाकीची दोन तारणावर.

कॉल मनी म्हणजे हातउसने. काही गहाण ठेवायचे नाही. घेणाऱ्या बँकेच्या नावावर आणि विश्वासार्हतेवर पैसा मिळतो. आज घेतला, पुढच्या कामाच्या दिवशी परत. मुदत २ ते १४ दिवसांची असेल तर तो नोटीस मनी, १५ दिवस ते एक वर्ष असेल तर टर्म मनी. तारण नसल्यामुळे प्रत्येक बँक दुसऱ्या प्रत्येक बँकेला जास्तीत जास्त किती द्यायचे याची मर्यादा आधीच ठरवून ठेवते. पडद्यावर छान दर दिसतो, पण त्या बँकेने आपल्या नावाची मर्यादाच ठेवलेली नसते, त्यामुळे सौदा जुळत नाही. नव्या माणसाला हे पहिल्या आठवड्यातच अनुभवाला येते. सहकारी बँकांना कॉलमध्ये उसने घेण्यावर वेगळी, बरीच कडक मर्यादा आहे: मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या एकूण ठेवींच्या २ टक्के. आपल्याकडच्या नागरी सहकारी बँका या बाजारात दिसतात त्या बहुतेक वेळा पैसा देणाऱ्या म्हणून.

सौदे होतात एनडीएस-कॉल या पडद्यावर. तो सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झाला आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशन, म्हणजे सीसीआयएल, तो चालवते. तिची इमारत दादर पश्चिमेला आहे. वेळ १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ७. फोनवर केलेला सौदाही चालतो, पण तो पंधरा मिनिटांत यंत्रणेला कळवावा लागतो.

दुसरे ठिकाण ट्रेप्स. इथे सरकारी रोखे तारण ठेवायचे, आणि मध्ये सीसीआयएल उभी असते. समोर कोण आहे याची काळजी करावी लागत नाही, कारण परतफेडीची हमी तिची. नोव्हेंबर २०१८ मध्ये सीबीएलओ या तारणाच्या जुन्या व्यवस्थेच्या जागी ट्रेप्स आले. तिसरे ठिकाण मार्केट रेपो, तिथेही रोखे देऊन पैसा. ही दोन्ही १ ऑगस्ट २०२५ पासून दुपारी ४ पर्यंत चालतात. म्हणजे चारनंतर तारणाची दारे बंद, आणि सातपर्यंत फक्त हातउसने.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कॉलमध्ये फक्त बँका आणि प्रायमरी डीलर, म्हणजे सरकारी रोख्यांचे अधिकृत व्यापारी. एके काळी विमा कंपन्या आणि म्युच्युअल फंडही तिथे पैसा द्यायचे; ते टप्प्याटप्प्याने बंद करून ऑगस्ट २००५ पासून कॉल निव्वळ आंतरबँक केला गेला. त्यांचा पैसा तारणाच्या बाजारात गेला. म्हणून आज एका रात्रीच्या एकूण उलाढालीत कॉलचा वाटा अगदी लहान आहे आणि ट्रेप्सचा सर्वांत मोठा. तरीही रिझर्व्ह बँक लक्ष ठेवते ते कॉलच्याच भारित सरासरी दरावर (मोठ्या सौद्याला जास्त वजन देऊन काढलेल्या सरासरीवर). मे २०११ पासून तेच तिचे लक्ष्य आहे.

व्याजाचा हिशेब सोपा आहे: रक्कम गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६५. आपले ६५ कोटी ५.३० टक्क्यांनी एका रात्रीसाठी घेतले, तर व्याज ९४,३८४ रुपये. मध्ये सुट्ट्या आल्या तर तितक्या दिवसांचे व्याज धरायचे. शुक्रवारी हे विसरू नका.

पायरी ४: वरची कडी, खालची कडी

हातउसने घेताना कोणी भाव वाटेल तितका का वाढवत नाही? कारण घेणाऱ्याला रिझर्व्ह बँकेचे दार उघडे असते. आणि देणारा वाटेल तितक्या स्वस्तात का देत नाही? त्यालाही तेच दार उघडे असते.

रिझर्व्ह बँक रोख्यांच्या तारणावर बँकांना पैसा देते तो रेपो दर डिसेंबर २०२५ च्या पतधोरणात ५.२५ टक्के झाला. त्याच्या पाव टक्का वर एमएसएफ, ५.५० टक्के: रोखे देऊन रिझर्व्ह बँकेकडून एका रात्रीसाठी पैसा, तोही गरज पडली तर एसएलआरच्या, म्हणजे नियमाने ठेवावाच लागणाऱ्या, साठ्यातले रोखे ठरावीक मर्यादेपर्यंत वापरून. पाव टक्का खाली एसडीएफ, ५ टक्के: जास्तीचा पैसा रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा, बदल्यात ती काही तारण देत नाही. एसडीएफ ८ एप्रिल २०२२ ला सुरू झाला. संध्याकाळी बाजार संपल्यावर मध्यरात्रीपर्यंत या खिडक्यांचा आधार असतो. आता आपलेच ६५ कोटी पाहा. एमएसएफमधून घेतले तर व्याज ९७,९४५ रुपये, कॉलपेक्षा साडेतीन हजारांनी जास्त. आणि काहीच न करता २५ कोटींची तूट तशीच ठेवली, तर ८.५० टक्क्यांनी (बँक रेट एमएसएफइतकाच ५.५०, वर ३) एका दिवसाचे ५८,२१९ रुपये दंड, आणि तेही पदरात काही न पडता. वर रिझर्व्ह बँकेला उत्तर द्यायचे ते वेगळेच.

या दोन कड्या नसत्या तर काय झाले असते हे आपण पाहिलेले आहे. २००७ साल घ्या. रिझर्व्ह बँक मोठ्या प्रमाणावर डॉलर विकत घेत होती, बदल्यात रुपये बाजारात येत होते. ५ मार्च २००७ पासून तिने रिव्हर्स रेपोत, म्हणजे बँकांचा जास्तीचा पैसा ठेवून घेण्याच्या तेव्हाच्या खिडकीत, दिवसाला फक्त ३,००० कोटी स्वीकारायचे ठरवले. खालची कडी अशी अर्धवट निखळली. ३,००० कोटींच्या पलीकडचा पैसा घेऊन बँका जाणार कुठे? एकमेकींच्याच दारात. रिव्हर्स रेपोचा जाहीर दर ६ टक्के असताना जुलैमध्ये कॉलचा दर १ टक्क्याच्याही खाली गेला. ६ ऑगस्टला ती मर्यादा काढली आणि दर लगेच जागेवर येऊ लागला. त्याच वर्षी मार्चअखेरीला याच्या उलट झाले होते. वर्षअखेरीची ओढ, रेपोत द्यायला बँकांकडे जास्तीचे रोखे नाहीत आणि एमएसएफसारखी खिडकी तेव्हा नव्हतीच. कॉल ५० टक्क्यांवर गेला. एकाच वर्षात, चार महिन्यांच्या अंतराने, तोच बाजार, त्याच बँका.

म्हणून नव्या माणसाला मी सांगतो: रेपो दर जाहीर होणे आणि तो बाजारात लागू होणे यात अंतर असते. २०१३ मध्ये रुपया घसरत असताना १५ जुलैला रिझर्व्ह बँकेने रेपो ७.२५ टक्क्यांवरच ठेवला, पण एमएसएफ १०.२५ टक्क्यांवर नेला. आठवडाभरात रेपोतून मिळणाऱ्या पैशावर मर्यादा घातली आणि सीआरआरची रोजची किमान अट तेव्हाच्या ७० वरून ९९ टक्के केली. कागदावर रेपो हललाच नाही. बँकांना रात्रीचा पैसा मात्र एमएसएफच्या आसपासच मिळू लागला. वर्तमानपत्रात रेपोचा मथळा वाचून थांबणाऱ्याला ही वाढ दिसलीच नसती.

दर या दोन कड्यांच्या बाहेर आजही कधी कधी जातो. ट्रेप्सचा दर एसडीएफच्या खाली उतरतो, कारण म्युच्युअल फंडांना एसडीएफचे दार उघडे नाही. मिळेल त्या दराने त्यांना पैसा रात्रीपुरता ठेवावाच लागतो.

पायरी ५: कॅलेंडर भिंतीवर लावा

एक बँक दुसरीला पैसे देते तेव्हा बाजारातला एकूण पैसा तेवढाच राहतो. एकूण पैसा कमी-जास्त होतो तो रिझर्व्ह बँकेच्या पुस्तकात काही हलले की. सर्वांत मोठे हलणारे खाते सरकारचे. ते रिझर्व्ह बँकेत आहे, म्हणून कर भरला की पैसा बँकांच्या बाजारातून उठून तिथे जातो. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च: अग्रिम कराच्या तारखा. दर महिन्याची २० तारीख: जीएसटी. या तारखांना लाल खूण करा. सरकार पगार, पेन्शन, अनुदाने देऊ लागले की तोच पैसा परत येतो, त्यामुळे महिन्याची सुरुवात बऱ्याचदा सैल असते.

रोकडही आहे. गणपती, दिवाळी, लग्नसराई, निवडणुका: लोक एटीएममधून नोटा काढतात आणि तेवढा पैसा बँकांच्या हातून जातो. रुपया सावरायला रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले तरीही तेच. अशी ओढ दिसली की ती व्हीआरआर लिलावाने पैसा सोडते. फार झाला की व्हीआरआरआर लिलावाने ओढून घेते. ३१ मार्चची गोष्ट वेगळी सांगायला नको, त्या दिवशी ताळेबंदापायी पैसा द्यायलाच कोणी तयार नसते.

पायरी ६: रोजचा तक्ता वाचा

रिझर्व्ह बँक आपल्या संकेतस्थळावर नाणेबाजारातल्या आदल्या दिवसाच्या व्यवहारांचे प्रसिद्धीपत्रक टाकते. तो तक्ता पाहून नवे लोक दचकतात. तो या क्रमाने वाचा.

आधी सगळ्यात वरचा भाग, एका रात्रीचे व्यवहार. कॉल, ट्रेप्स, मार्केट रेपो अशा ओळी, आणि प्रत्येकीसमोर उलाढाल, भारित सरासरी दर आणि पट्टा, म्हणजे दिवसातला सर्वांत खालचा आणि वरचा दर. कॉलची सरासरी रेपोशी ताडा. नंतर पट्ट्याकडे बघा: सरासरी ५.२८ पण वरचे टोक ५.६० असेल, तर कुणीतरी संध्याकाळी अडकले होते. मग खाली उतरा. एमएसएफमध्ये किती गेले, एसडीएफमध्ये किती ठेवले? दोन्ही आकडे एकाच दिवशी मोठे दिसले तर पैसा बाजारात आहे, पण तो गरजवंतापर्यंत पोहोचत नाही असा अर्थ घ्या. शेवटी बँकांची रिझर्व्ह बँकेतली एकूण शिल्लक आणि पंधरवड्याची रोजची सरासरी गरज हे दोन आकडे शेजारी ठेवा. पायरी २ मध्ये आपण एका बँकेचा जो हिशेब केला तोच इथे सगळ्या बँकांचा मिळून दिसतो.

पायरी ७: तुमच्या खिशाशी संबंध

मायबोर हे नाव कानावर येईल: बँकांमधल्या एका रात्रीच्या उसन्याचा प्रमाण दर. त्यातला "म" मुंबईचा. १९९८ मध्ये तो सुरू झाला तेव्हा बँकांना दर विचारून काढत. २०१५ पासून तो एनडीएस-कॉलवरच्या प्रत्यक्ष सौद्यांवरून निघतो. विचारलेल्या दरापेक्षा झालेल्या सौद्याचा दर केव्हाही भरवशाचा, हे लंडनच्या लायबोरच्या, म्हणजे तिथल्या अशाच विचारून काढलेल्या दराच्या, घोटाळ्यानंतर साऱ्या जगाने मानले. कंपन्या आणि बँका व्याजदराच्या अदलाबदलीचे मोठे करार मायबोरवर करतात.

तुमच्या गृहकर्जाचा हप्ता मात्र कॉलच्या दरावर ठरत नाही. ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या दराची बहुतेक गृहकर्जे रेपोला बांधलेली आहेत. ओव्हरनाइट फंडाचे तसे नाही. त्या फंडाचा पैसा मुख्यतः ट्रेप्समध्ये आणि रेपोत जातो, म्हणून त्याचा परतावा तिथल्या दराला धरून चालतो. रोजच्या तक्त्यात ट्रेप्सची ओळ पाहा आणि फंडाचा खर्च त्यातून वजा करा, अंदाज जवळपास बरोबर येईल.

आता एक वही घ्या. पाच रकाने आखा: तारीख, कॉलची सरासरी, ट्रेप्सची सरासरी, एमएसएफची रक्कम, एसडीएफची रक्कम. रोज भरायला पाच मिनिटे लागतात. येत्या १५ तारखेपासून सुरू करा, म्हणजे पहिल्याच आठवड्यात २० तारीख सापडेल. त्या दिवशी एसडीएफचा रकाना बारीक होतो का, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो पुन्हा भरतो का, ते स्वतःच्या अक्षरात लिहिलेले पाहा.